पोळा तोरणाखाली की दारात?

पोळ्याला पंधरा-वीस दिवस उरले असताना गावात कोणाच्या तरी गोठ्यात बैलाच्या अंगावर गाठी उठल्या, की सारे गाव एकाच प्रश्नाभोवती फिरू लागते. यंदा पोळा भरवायचा की नाही? सरपंच ग्रामसेवकाकडे बघतात, ग्रामसेवक तालुक्याकडे बघतो, तालुका जिल्ह्याच्या आदेशाची वाट बघतो. कास्तकार मात्र आपल्या जोडीकडे बघतो. झूल आणून ठेवलेली असते, बेगड, हिंगूळ, नव्या वेसणी, घुंगरमाळा घेऊन झालेल्या असतात. लेक माहेरी यायची असते. अशा वेळी "पोळा रद्द" हे दोन शब्द उच्चारणे सोपे नाही.

मालेगाव तालुक्यात जऊळका रेल्वे आणि आसपासच्या खेड्यांतून फिरताना हा प्रश्न मला अनेक ओसऱ्यांवर विचारला गेला आहे. मी पिकांचा माणूस. जनावराला कोणते औषध द्यायचे हे सांगण्याचा अधिकार पशुवैद्यकाचा, आणि तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. पण सण आणि साथ एकाच वेळी दारात आली तर घराने निर्णय कसा घ्यावा, हा प्रश्न औषधाचा नाही. तो शेतीच्या हिशेबाचाच प्रश्न आहे. म्हणून चार गोष्टी लिहितो.

आधी 2022 साल आठवा. लम्पी चर्मरोग आपल्या राज्याला अगदी नवा नव्हता. देशात तो 2019 साली ओडिशात दिसला आणि 2020 साली गडचिरोलीच्या बाजूने विदर्भात शिरला. पण मोठी लाट आली ती 2022 साली. 4 ऑगस्ट 2022 रोजी जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातील चिनावल गावी पहिली लागण आढळली. पोळा होता 26 ऑगस्टला, म्हणजे बरोबर बावीस दिवसांनी. आणि सारे राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर होऊन जनावरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शने आणि ने-आण यांवर बंदी आली ती सप्टेंबरमध्ये. म्हणजे पोळा होऊन गेल्यावर.

यात कोणाचा दोष काढायचा नाही. आदेश असाच येतो. आधी जनावर आजारी पडते, मग मालक दोन दिवस घरगुती उपाय करतो, मग डॉक्टर येतात, नमुना पुण्याला किंवा भोपाळच्या प्रयोगशाळेत जातो, अहवाल येतो, मग कागद निघतो. रोग मात्र कागदाची वाट बघत नाही. लागण झाल्यापासून ताप आणि गाठी दिसेपर्यंत कधी चार दिवस जातात, कधी चार-पाच आठवडेही जातात. तेव्हा "आदेश आला नाही, म्हणजे धोका नाही" असे समजून जो जोडी घेऊन निघतो, तो गावाच्या कालच्या बातमीवर आज चालत असतो. आदेश आला तर तो पाळायचाच. पण आदेशाच्या आधीच्या पंधरा दिवसांत निर्णय घरालाच घ्यावा लागतो.

आता रोगाकडे बघू. कोणत्याही साथीत सण-समारंभाचा विचार करताना पहिला प्रश्न एकच असावा, हा रोग वाहून कोण नेतो?

2020 च्या ऑगस्टमध्येही पोळा आला होता, कोरोनाच्या ऐन साथीत. कोरोना माणसाच्या श्वासातून माणसाला लागत होता. बैलांची त्यात काही भूमिका नव्हती, धोका होता तो तोरणाखाली खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्या माणसांचा. त्या वर्षी नागपुरात मारबतीची मिरवणूकही निघाली नाही. गावची रोगराई बाहेर घालवण्यासाठी जी मारबत काढतात, तीच रोगराईमुळे मिरवू शकली नाही! काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असे सांगतात. एवढी जुनी परंपरा साथीत थांबली, तरी मोडली नाही.

लम्पीचे याच्या उलट आहे. तो माणसाला होत नाही. उकळलेले दूध पिण्यात धोका नाही. रोगाचा विषाणू देवीच्या कुळातला आहे. तो गोवर्गाला जास्त आणि म्हशींना कमी लागतो. शेळ्या-मेंढ्यांना होणारी देवी त्याच कुळातली, पण लम्पी त्यांच्यातून पसरत नाही. तो मुख्यतः नेतात चावणाऱ्या माशा, डास आणि गोचीड. आजारी जनावराची लाळ, नाकाचा स्राव, एकच हौद, एकच दावण यांतूनही थोडाफार जातो. म्हणजे लम्पीच्या साथीत माणसे पारावर जमली, भजन झाले, पोरांनी झडत्या म्हटल्या, तर काही बिघडत नाही. बैल जमले तर बिघडते.

लाळ्या-खुरकूत आणखी निराळा. त्याचा विषाणू हवेतून जातो, चारा-पाण्यातून जातो आणि आजारी गोठ्यात फिरून आलेल्या माणसाच्या पायताणाला, कपड्यालाही चिकटून येतो. त्या साथीत बैल घरी ठेवून आपण चार गोठे फिरून आलो, तरी रोग दारात येऊ शकतो. जुन्या माणसांना बुळकांडी आठवत असेल. तिने गोठेच्या गोठे रिकामे केले. लसीकरण आणि जनावरांच्या ने-आणीवर कडक नजर ठेवून जगाने ती संपवली, आणि 2011 साली ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

तेव्हा "साथ आहे, सण बंद" असे एका शब्दात उत्तर देणे मला पटत नाही. आणि "देव बघून घेईल" हेही पटत नाही.

पोळ्याकडे नीट पाहिले तर त्याचे दोन भाग दिसतात. एक घरचा, एक गावचा. आदल्या दिवशी खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद लावून पळसाच्या पानाने शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण बैलाच्या कानात देतात. पोळ्याच्या दिवशी आंघोळ, साज, घरधनिणीच्या हातची ओवाळणी, पाय धुणे, पुरणपोळीचा घास. हे सारे घरचे. त्या दिवशी खांद्यावर जू ठेवत नाहीत, तेही घरचेच. गावचा भाग म्हणजे आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेने उभ्या राहिलेल्या जोड्या, मानाची जोडी, झडत्या, तोरण तुटताच उडणारी झुंबड, आणि मग बैल दारोदार फिरवणे. उपकार फेडायचे ते घरच्या भागात फेडले जातात. गावच्या भागात हौस आहे, मान आहे, एकोपा आहे. तेही कमी मोलाचे नाही, पण साथीच्या वर्षी वजन करायचे तर कोणते पारडे सोडता येईल हे उघड आहे.

दुसऱ्या समाजांनी आणि दुसऱ्या सणांत हेच केले. आपल्या कोकणात बेने इस्रायली, म्हणजे ज्यू लोक, पिढ्यान् पिढ्या राहत आले. तेलघाण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचा वल्हांडण सण 2020 साली 8 एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे टाळेबंदी होती. तिकडे इस्रायल देशातही गावोगावचा प्रवास बंद केला होता आणि सणाचे पहिल्या रात्रीचे जेवण फक्त घरात राहणाऱ्यांनीच एकत्र करावे असे सांगितले होते. एरवी त्या रात्री आजोबा-आजीकडे सारे कुटुंब जमते. तिकिटे काढलेल्यांनी ती रद्द केली, म्हातारे-म्हाताऱ्या एकट्याच जेवायला बसल्या. पण सण झाला. त्या सणाची मूळ कथाच मिसर देशातल्या एका रात्रीची आहे. मृत्यू गावातून फिरत असताना प्रत्येक कुटुंब आपापल्या घराचे दार लावून आत बसले होते.

आपल्या वारीचेही तेच झाले. 2020 साली पायी वारी निघाली नाही. 30 जूनला संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या आणि 1 जुलैला एकादशी झाली. 2021 सालीही पादुका एस.टी.नेच गेल्या. वारकऱ्याने घरी बसून एकादशी धरली. आपल्याच जिल्ह्यात पोहरादेवीची रामनवमीची यात्रा त्या दोन्ही वर्षी भरली नाही. बंजारा बांधवांना ते किती जड गेले असेल ते तांड्यांवर गेलेल्यालाच कळेल.

पण बोलणे सोपे आणि घरात ठरवणे अवघड. 2022 च्या पोळ्याआधीची या भागातल्या एका घरची बैठक मला आठवते. नावे सांगत नाही. म्हातारे बाबा हटून बसले होते. डाव्या बाजूचा बैल म्हातारा झालेला, पुढच्या हंगामात तो जुवाखाली जाणार नव्हता. "त्याचा हा शेवटचा पोळा. त्याले तोरनाखाली उभं केल्याबिगर मी जेवनार नाही," असे त्यांचे म्हणणे. मुलगा दोन्हीकडून बोलत होता. "आपली एक जोडी नेली नाही, तं साथ थांबनार हाय का? आन् गाव काय म्हनीन?" हा प्रश्न खोटा नाही. गावात जोडी दिसली नाही तर "बैल इकले काय" अशी कुजबूज होते. शेवटी सून बोलली. ती चुलीपाशी होती. तिने एवढेच विचारले, "बाबा, गाय गाभन हाय. बैल तिथून आले का तिच्याच बाजूले बांधनार ना?"

पुढे फारसे बोलणे झाले नाही. बाबांनी सुपारी कातरली आणि म्हणाले, "तोरन दारात बांधा मंग."

सुनेने जो प्रश्न विचारला तोच खरा हिशेब आहे. तोरणाखाली जातो तो बैल, पण परत येतो तो साऱ्या गोठ्यात. तिथे गाभण गाय असते, वासरू असते. लम्पीत मरतूक सहसा शंभरात एक ते पाच, पण वासरांत ती जास्त. आणि बैल मेला नाही तरी पायाला सूज येते, अंगावर जखमा होतात, जनावर खात नाही, आठवडेच्या आठवडे कामाला येत नाही. पोळ्यानंतर महिना-दीड महिन्यात सोयाबीन निघते आणि हरभऱ्याच्या पेरणीची घाई होते. ऐन तेव्हा जोडीतला एक बैल बसला तर दुसरा असून नसल्यासारखा. भाड्याने जोडी आणावी म्हटले, तर साथीत कोणी आपले बैल दुसऱ्याच्या गोठ्यात पाठवत नाही. 2022 च्या साथीत मेलेल्या जनावरांसाठी शासनाने मदत दिली. दुधाळ जनावराला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. मदत मोलाचीच, पण त्या पैशात बैल येत नाही हे कास्तकाराला सांगायला नको.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या घरचे गोठ्यातले एकही जनावर आजारी पडले नाही. पण त्याच गल्लीत, पोळ्यात जोडी न नेलेल्या दुसऱ्या एका घरी पुढे लागण झालीच. माशीला कुंपण दिसत नाही. बैल घरी ठेवला म्हणजे रोग येणारच नाही, अशी हमी कोणी देऊ नये. धोका कमी होतो, एवढेच. आणि गावातल्या पन्नास घरांनी जोडी घरी ठेवली, तर प्रत्येकाचा धोका त्याहून कितीतरी कमी होतो. म्हणून "आमच्या एका जोडीने काय होते" या प्रश्नाचे उत्तर गावाने मिळून द्यायचे असते. चार-दोन जुनी वजनदार माणसे आणि मानाच्या जोडीचा मालक यांनी आधी "आम्ही नेत नाही" म्हटले, की बाकीच्यांची लाज आपोआप सुटते. मला तर वाटते मानाच्या जोडीचा खरा मान अशा वर्षीच दिसतो.

पोळा दारात करायचे ठरले, तरी काही गावांत एक गंमत होते. संध्याकाळचे तोरण बंद असते, पण सकाळी साऱ्या गावचे बैल एकाच नाल्यावर, एकाच डोहात आंघोळीला उतरतात! जे संध्याकाळी टाळले ते सकाळीच होऊन गेले. साथीच्या वर्षी बैल घरच्या विहिरीवर किंवा हातपंपावर, बादलीने धुवावा.

तसेच वेसणीचे. पोळ्याला नवी वेसण घालतात. गोऱ्ह्याचे नाकही याच सुमारास टोचतात, आणि गावात नाक टोचणारा माणूस एकच असतो. एकच दाभण, या गोठ्यातून त्या गोठ्यात, रक्त नुसते फडक्याला पुसून. लम्पी सुईवाटे जातो हे माहीत असलेला माणूसही दाभणाकडे सुई म्हणून बघत नाही. नाक टोचणे त्या वर्षी पुढे ढकला. जुनी वेसण बदलायची असेल तर घरच्या घरी बदला. झुली, कासरे, घुंगरमाळा उसन्या आणू नका, देऊ नका. वाळलेल्या खपलीतही विषाणू महिनाभर तग धरतो, आणि खपली झुलीला चिकटते.

गोठ्यातला शेणाचा ढीग लांब न्या, मुताचा निचरा करा, साचलेले पाणी काढा, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा. एक कळकळीची सूचना. माशा मराव्यात म्हणून पिकावर फवारायचे औषध बैलाच्या अंगावर कधीही मारू नका. पिकाच्या औषधाबद्दल सांगणे हे माझे काम आहे, म्हणून ठासून सांगतो. त्यातली काही औषधे कातडीतून आत जातात आणि बैल लम्पीने नव्हे, विषबाधेने जातो. जनावराच्या अंगावर लावायचे औषध दवाखान्यातून, विचारूनच घ्यावे. आणि पुरणपोळी घासापुरती द्या. पाटीभर पुरण आणि गूळ एकदम खाऊ घातला की पोट फुगते, आणि पोळ्याच्या रात्री डॉक्टर शोधत फिरण्याची वेळ येते.

आता लसीचे. लम्पीसाठी शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना दिली जाते, आणि 2022 च्या साथीत ती राज्यात मोफत टोचली गेली. पण टोचली आणि दुसऱ्या दिवशी कवच चढले असे होत नाही. अंगात ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात. पोळ्याच्या आठ दिवस आधी लस टोचून "आता काय भीती" म्हणून तोरणाखाली जाणाऱ्यांनी दिवस मोजावेत. आषाढात, म्हणजे पोळ्याच्या चांगला महिनाभर आधी लस झाली असेल तर गोष्ट वेगळी. टोचताना प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरायला सांगा. तसे सांगण्यात संकोच कसला? कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक आणि लसीची तारीख घरच्या वहीत लिहून ठेवा.

मग नक्की केव्हा तोरणाखाली जावे आणि केव्हा जाऊ नये? माझा हिशेब असा. गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत एकाही गोठ्यात गाठीचे जनावर असेल तर बैल दाराबाहेर काढू नये, लस झाली असो वा नसो. लागण लांब असेल, पण गावची निम्मी जनावरे बिनलसीची असतील, तरी भरवू नये. लागण लांब आहे, साऱ्या गावची लस महिन्यापूर्वी झाली आहे, पशुवैद्यकही हरकत नाही म्हणतात, तर गावाने बसून ठरवावे. आणि आपल्या बैलाला ताप असेल, तो चारा सोडत असेल, डोळ्यातून पाणी गळत असेल, तर गाठीची वाट न बघता त्याला वेगळा बांधून दवाखान्यात कळवावे. पोळ्याच्या तोंडावर असे जनावर लपवणारे भेटतात. लपवून चार दिवस मिळतात, तेवढ्यात शेजारचे दोन गोठे जातात. 2023 साली पोळा 14 सप्टेंबरला आला, तेव्हा लम्पीने पुन्हा डोके वर काढले होते आणि कितीतरी जिल्ह्यांत पोळा घरीच करा असे सांगावे लागले. एकदा येऊन गेली म्हणून साथ कायमची गेली असे होत नाही.

पाहुण्यांचे काय, असे बायका विचारतात. लेकी-जावयांनी खुशाल यावे. लम्पी माणसाला होत नाही. फक्त लागण असलेल्या गावाहून येताना बैलगाडी जुंपून येऊ नये, एस.टी.ने यावे. सोबत आंदण म्हणून कालवड आणायची असेल तर ती पुढच्या वर्षी. आल्यावर गोठ्यात शिरण्याआधी हातपाय धुवावेत.

तोरण मात्र बांधावे. त्याखाली पोरांना लाकडी नंदी आणि मातीचे बैल घेऊन उभे करावे. तान्हा पोळा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी असतोच, तो त्या वर्षी एक दिवस आधी झाला म्हणून काही बिघडत नाही. ज्यांच्या घरी आता ट्रॅक्टर आहे आणि दावणीला बैल नाही, ती घरेही मातीचीच जोडी पुजतात.

आणि एक राहिले, बोजाऱ्याचे. बैल दारोदार फिरतात तेव्हा घराघरांतून गड्याच्या हातावर काही पडते. वर्षातली ती त्याची हक्काची कमाई. पोळा दारात केला की झूल, बेगड, पुरण सगळे राहते, बुडतो तो फक्त गड्याचा बोजारा, आणि तो कोणाला बोलूनही दाखवत नाही. गाव फिरून जेवढा जमला असता तेवढा अंदाजाने काढून मालकाने त्या संध्याकाळी, बैलांना ओवाळून झाल्यावर, त्याच्या हातावर ठेवावा.